वरचं डावं घर

डॉक्टरनं फासा टाकला. तो टेबलावरून घरंगळत गेला, काच कापायच्या पट्टीला आपटून थांबला, आणि तपासनिसाची बायको आकडा वाचता वाचताच हसायला लागली.

"एक! संपलं. डॉक्टर, तुमचा कोल्हा वेशीखालच्या नळात शिरल्या शिरल्या शिंकला."

"शिंकणारच. आत ओल किती आहे," डॉक्टर म्हणाला. "पण तो मांजरासारखा शिंकला. पहारेकऱ्याला वाटलं, मांजर आहे."

"मांजर शिंकतं?"

"माझ्याकडे रोज शिंकणारी मांजरं येतात. ऐकवू?"

आणि त्यानं खरंच शिंकून दाखवलं. हसून हसून बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तिची ताई एरवी फार तर चष्म्यावरून बघून हसायची, तिनंही चष्मा काढून ठेवला. तपासनीस मात्र फाशाकडे बघत बसला. एक म्हणजे एक. एक पडला की पहारेकरी जागा होतो, हे या टेबलावर पहिल्यापासून ठरलेलं. पण बायकोनं नकाशावर पेन्सिलीनं एक छोटं मांजर काढलं आणि पहारेकऱ्याला परत झोपवून टाकलं.

दर रविवारी दुपारी तिच्या फ्रेमच्या दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं आणि काच कापायच्या लांब टेबलावर हा खेळ मांडला जायचा. खेळ म्हणजे चौघांनी मिळून सांगायची एक गोष्ट. शहर, तिथले कायदे, तिथली संकटं, सगळं बायकोनं रचायचं. बाकीच्यांनी त्या शहरातला एकेक माणूस व्हायचं, तो काय करतो ते सांगायचं, आणि जमलं की फसलं हे फाशावर सोडायचं. ताई आयुष्यभर हॉस्पिटलात मेट्रन होती, इथं ती एक विसराळू जादूगारीण होती. तपासनीस आठवडाभर लोकांच्या इमारतींतल्या लिफ्ट तपासायचा, इथं तो व्रत घेतलेला सरदार होता. आणि डॉक्टर होता जनावरांचा. गेलेल्या कुत्र्याचा फोटो फ्रेम करायला म्हणून दुकानात आला, मागं मांडलेला पसारा बघून थबकला, चार प्रश्न विचारले, आणि तेव्हापासून दर रविवारी हजर. त्याचं पात्र चोर. नाव कोल्हा.

टेबलामागच्या भिंतीवर माउंटच्या उरलेल्या पुठ्ठ्याचा एक पट टांगलेला होता. त्यावर नऊ घरं. आडवं बघितलं तर डावीकडे नेमानं वागणारे, उजवीकडे मनाला येईल तसं वागणारे, आणि मधे आपले मधले. उभं बघितलं तर वर भले, खाली वाईट. प्रत्येक पात्राची एक पितळी खुंटी. खेळ संपला की चहा व्हायचा आणि त्या दिवशी कोण कसं वागलं ते बघून बायको खुंट्या हलवायची. त्यावरून जे वाद व्हायचे ते कधी कधी खेळापेक्षा रंगायचे. मागं कोल्ह्यानं सुभेदाराचा शिक्का चोरला आणि खोटे परवाने करून लेकुरवाळ्या बायका शहराबाहेर काढल्या. ताई म्हणाली, चोरी ती चोरी. डॉक्टर म्हणाला, अहो, पण कुणाच्या घरची? बायको सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि शेवटी स्वतःचंच खरं करायची.

"काय केलं ते मी नंतर बघते," ती म्हणायची. "करायच्या आधी तो काय करत होता, ते आधी बघते."

आणि कोल्ह्याची खुंटी एक घर वर चढली.

सरदाराची खुंटी वरच्या डाव्या घरात होती. नेमाचा आणि भला. खेळ सुरू झाला तेव्हापासून ती तिथंच. त्या घरात असलेल्या माणसाच्या हातात गुण होता. सरदारानं नुसता हात ठेवला की जखम भरायची, ताप उतरायचा. ते घर सुटलं की गुणही गेला, असा करार.

आता खरं सांगायचं तर तपासनिसाला हा डॉक्टर डोळ्यांसमोर नको झाला होता. बायकोचं त्याच्याशी काही भलतंसलतं आहे, असं त्याच्या मनातही नव्हतं. तसं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. त्याचं दुखणं निराळं होतं. आठवडा अर्धा सरला की घरात एकच विषय. जेवताना ती सांडपाण्याच्या नळांबद्दल वाचायची, का तर कोल्हा तिकडून जाईल. भांडी घासता घासता मधेच थांबायची, हातात फेसाळलेलं पातेलं तसंच.

"तो सुभेदाराचा घोडाच पळवेल बघ! मग मी काय करू? या माणसाचं काही सांगताच येत नाही रे!"

हे म्हणताना तिचा चेहरा असा उजळायचा की तपासनीस हातातलं कोरडं ताट पुसतच राहायचा.

"आणि सरदाराचं काय?" त्यानं एकदा विचारलं होतं.

"सरदाराचं काय? तो बरोबरच वागेल."

झालं. इतक्या वर्षांच्या इमानाची ही पावती. लिफ्ट नीट चालत असली की तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, हे त्याला नोकरीनं शिकवलं होतं. पण घरातही तोच न्याय? इरेला पेटून एका रविवारी त्यानं सरदाराला बाजारातल्या छपरावर चढवलं आणि खालच्या गर्दीत कोंबड्या सोडायला लावल्या. कुणी हसलं नाही. बायको मऊ आवाजात म्हणाली, "सरदार असं नाही करणार. परत सांग." आणि सगळ्यांनी फार समजूतदारपणे ते झालंच नाही असं धरलं. डॉक्टरनं तर त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या हातानं त्याच्या अंगाचा जो तिळपापड झाला, तो पुढं दोन दिवस लिफ्टवाल्यांना भोगावा लागला.

"सरदार काय करतोय?" बायकोनं आता विचारलं.

सरदार वेशीच्या भिंतीवर होता, नळाच्या बरोब्बर वर, पहाऱ्याला. शहरात साथ पसरलेली, वेस बंद. कोल्हा नदीपलीकडून औषध आणायला निघाला होता, आणि हे त्यानं सरदाराला आपण होऊन सांगितलं होतं. चोरानं, पहारेकऱ्याला, तोंडावर. "तुम्हाला मागाहून कळायला नको," असं वर म्हणाला होता.

वेशीचा कायदा बायकोनंच केलेला. बाहेर पडताना सापडला तर कोठडी. बाहेर जाऊन परत आत येताना सापडला तर फाशी, कारण तो रोग बाहेर देऊनच आला असं धरायचं.

"अरे, सरदार?"

तपासनिसानं टेबलावरची काचेची कपची नखानं बाजूला सारली.

"उभा आहे," तो म्हणाला. "बघतोय."

बायकोनं मान वर न करता लिहून घेतलं. सरदार आहे, उभाच असणार. मग ती डॉक्टरकडे वळली, खुर्ची पुढं ओढून. पुढचा तासभर टेबलावर दुसरं कुणी नव्हतंच. कोल्ह्यानं नदी पार केली, एका गाढवाशी मैत्री केली, औषधवाल्याला बोलता बोलता गंडवला. बायकोच्या पेन्सिलीचं टोक मोडलं, तिनं नवी घेतली. तपासनीस पाण्याच्या ग्लासात बघत बसला. कोल्ह्याला जातानाच हटकता आलं असतं. एखादी रात्र कोठडीत काढली असती त्यानं, ताईच्या जादूगारिणीनं सोडवलाही असता. पण जातानाचा गुन्हा तपासनिसाला पुरत नव्हता.

"आलो," डॉक्टर म्हणाला. "पाठीवर पोतं. नळातून हळूच डोकं बाहेर काढतो." आणि त्यानं फासा उचलला.

"फासा नको," तपासनीस म्हणाला. "सरदार आहे तिथं. वर यायला हात देतो तुला."

"उपकार झाले, सरदार." डॉक्टरनं टेबलावरून खरोखरच हात पुढं केला.

तपासनिसानं तो धरला.

"आणि सोडत नाही. शिपायांना हाक मारतो. हा वेशीच्या आत आलेला आहे. कायद्यात असेल ते करा."

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी पंक्चर झालेली सायकल ढकलत गेलं.

"जावईबापू," ताई म्हणाली, "थट्टा करताय ना?"

"थट्टा कसली? तो पहाऱ्याला आहे. औषध जप्त करून तसंच दवाखान्यात पाठवतो, रोग्यांचं काही अडत नाही. माणूस मात्र कायद्याच्या ताब्यात."

डॉक्टरनं हात सोडवून घेतला. तो चिडला नव्हता. तोंड थोडं उघडं पडलं होतं इतकंच. पण तपासनीस त्याच्याकडे बघतच नव्हता. बायकोनं पेन्सिल खाली ठेवली होती आणि ती सरळ त्याच्याकडे बघत होती, हा माणूस आता पुढं काय करील हे ठाऊक नसल्यासारखी. कित्येक महिन्यांत तिनं त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं. खोटं कशाला बोलायचं, त्या घटकेला त्याला फार बरं वाटलं.

मग तिनं गोष्ट पुढं नेली, कारण ती तिलाच न्यावी लागायची. सुभेदारापुढं कोल्ह्याला उभं केलं. कायदा वाचला गेला. उजाडताना फाशी झाली. तिनं हे सगळं साध्या आवाजात सांगितलं, एकही चित्र न काढता. डॉक्टर आपण होऊन उठला, पटावरची आपली खुंटी उपटली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

चहा झाला. बिस्किटांना कुणी हात लावला नाही. बायको पटाशी जाऊन उभी राहिली, सरदाराच्या खुंटीवर बोट ठेवून.

"बोला."

"मला विचारशील तर खुंटी आहे तिथंच राहू दे," ताई म्हणाली. "कायद्यानं वागला. औषधही पोचवलं. दोन्ही बाजू भरल्या की."

"माझंही तेच म्हणणं आहे," डॉक्टर म्हणाला. "मी चोर. सापडलो तर काय होईल हे मला माहीत होतं. सरदारांचं काय चुकलं?"

दोघंही त्याची बाजू घेत होते आणि तपासनिसाला एकेक वाक्य काट्यासारखं टोचत होतं. डॉक्टरनं निदान आरडाओरडा तरी करायचा! गप्प बसून सोसणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

"जाताना का नाही अडवलंस?" बायकोनं विचारलं.

तपासनिसानं कप बशीत अर्धा फिरवला.

"भिंतीवर उभा होता. बघत होता. तूच म्हणालास, मी लिहून घेतलंय. तेव्हा अडवला असता तर कोठडी झाली असती. तो जाऊन परत येईपर्यंत सरदार थांबला. तेवढा वेळ तो काय करत होता?"

"पहारा."

"पहारा नव्हे तो." तिनं खुंटीवरचं बोट काढलं नाही. "सरदारानं केलं, की तू?"

हा प्रश्न या टेबलाला नवा नव्हता. घरचा राग पात्राच्या हातून काढायचा नाही, आणि काढलाच तर तसं तोंडानं म्हणायचं. खुंटी हलायच्या आत म्हटलं की झालेलं सगळं पुसलं जायचं, अशी इथली रीत. ताईनं एकदा अख्खी सराई पेटवून दिली होती. चहाच्या वेळी हाच प्रश्न आला, तेव्हा ती म्हणाली, "मीच गं. सकाळी सुनेशी वाजलं माझं." हशा झाला, सराई जागच्या जागी उभी राहिली, आणि ताईनं आणखी दोन बिस्किटं घेतली. बस, इतकं सोपं होतं ते.

बायकोच्या आवाजात धार नव्हती. उलट, त्याच्या लक्षात आलं, ती थोडी आशेनं विचारत होती. एवढंच म्हणायचं होतं: मी. मीच गं. कोल्हा परत नळात गेला असता, सरदार भिंतीवर, खुंटी वरच्या घरात. पण समोर डॉक्टर बसला होता, स्वेटरवर कुणाच्या तरी कुत्र्याचे केस, हातात कप. त्याला लगेच समजलं असतं. का, कशासाठी, सगळं. आणि मग तो उठला असता आणि पाठीवर हात ठेवला असता.

"सरदारानं," तपासनीस म्हणाला.

"मग सरदाराचं कारण सांग."

"कारण..." त्यानं घसा साफ केला. "किती वर्षं तो त्या भिंतीवर उभा आहे. कोल्हा आल्यापासून शहरात त्याच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. तो काय करील, असं कुणी विचारतसुद्धा नाही. त्याच्यानं ते बघवत नाही."

ताईनं कप बशीत ठेवला, आवाज होऊ न देता. बायको पटाकडे वळली. एरवी खुंटी एका वेळी एकच घर हलायची. आज तिनं ती उपटली आणि मधलं घर ओलांडून थेट खालच्या कोपऱ्यात रोवली. नेमाचा आणि वाईट.

"हातातला गुण गेला," ती म्हणाली.

"बाप रे!" डॉक्टर म्हणाला. "काय कारण काढलंत हो! अंगावर काटा आला माझ्या."

तपासनीस शटर वर करायला पुढं गेला. ताई त्याच्याशी न बोलताच वाकून बाहेर पडली. डॉक्टर मात्र दारात जाकीट चढवत रेंगाळला.

"वाईट नाही ना वाटलं?" तपासनिसानं विचारलं. वाटलं असावं, अशी त्याची फार इच्छा होती.

"मला? छे हो! कोल्हा बिछान्यात खोकत मरण्यापेक्षा हे कितीतरी बरं." डॉक्टर हसला. "खरं सांगू? पहिल्या दिवसापासून मी तुम्हाला जरा दबकूनच होतो."

"मला?"

"म्हणजे झालं काय, मी वहिनींना आधीच विचारलं होतं. म्हटलं, मी वाटेल तसं वागलो तर चालेल ना? तुमची गोष्ट मोडली तर? तर म्हणाल्या, खुशाल वागा. सरदार आहे तोवर माझी गोष्ट मोडत नाही. तो जागचा हलणार नाही हे मला पक्कं माहीत असतं, म्हणून तर बाकीच्यांना मी मोकळं सोडते. सगळं त्याच्यावरच उभं केलंय." डॉक्टर किल्लीसाठी खिसे चाचपत होता. "आणि तुम्ही नेमकं त्यालाच हलवलंत! मानलं बुवा. मला नसतं जमलं."

त्यानं हात हलवला आणि गाडी सुरू करून गेला. तपासनीस शटरची साखळी धरून उभा राहिला. समोरच्या दुकानदारानं काय झालं म्हणून मानेनं विचारलं, तेव्हा कुठं त्यानं ती सोडली.

आत बायको टेबलाशी एकटीच बसली होती. कप तसेच पडलेले. तिनं आपले कागद पुढ्यात पसरले होते आणि रबरानं खोडत होती, डावीकडून उजवीकडे, एकेक ओळ.

"काय खोडतेयस?"

"शेवट."

"कसला शेवट?"

"खेळाचा." तिनं कागदावर फुंकर मारली. "औषधं संपणार होती, ताईची जादूही चालणार नव्हती. मग सरदारानं भिंतीवरून खाली उतरून घरोघर जायचं, प्रत्येकाच्या कपाळावर हात ठेवायचा, आणि साथ थांबायची. कोल्हा बरोबर कंदील धरून चालणार होता." गिऱ्हाइकाला फ्रेमचे भाव सांगावेत तशा आवाजात ती सांगत होती. "आता पटावरच्या त्या घरात कुणीच नाही. शहर बहुतेक जाईल. बघते काय होतंय ते."

तपासनीस तिच्यासमोर बसला, डॉक्टरच्या खुर्चीत.

"किती दिवस लिहीत होतीस हे?"

"सुरुवातीपासून. कोल्हा तेवढा मागाहून आला."

"अगं, मग मला कधी बोलली नाहीस ते."

"तुला सांगून काय करायचं होतं? तू तसाच वागणार होतास."

त्यानं तिचा हात धरला. रबर मधेच थांबलं.

"ऐक ना. परत फिरव ते. सरदारानं नाही केलं. मी केलं. तू त्या डॉक्टरशी हसतेस, त्याच्यासाठी वाचत बसतेस... मला नाही सहन झालं. मी केलं ते, मी."

तिनं त्याच्याकडे बघितलं. ती रागावलेली नव्हतीच.

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर मघाशी विचारलं होतं."

मग तिनं हळूच हात सोडवून घेतला आणि पुढचा कागद ओढला.